दुर्बिणीचं रबर चिकट होतंय, पांढरं पडतंय, तडकतंय: पुसून पुसून परत तेच का होतं आणि करायचं काय

पावसाळा संपला, भिगवणला बदकं यायला लागली की लोक कपाटातून दुर्बीण बाहेर काढतात आणि मग सुरू होतं, अरे हाताला चिकट लागतंय, काळं काळं निघतंय, पुसलं तर जात नाही आणि गेलंच तर आठवड्यात परत तसंच. मग कोणी म्हणतं खोबरेल चोळ, कोणी म्हणतं पावडर मार, कोणी थेट थिनर सुचवतं (प्लीज नको). दोनचार दिवस बरं वाटतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न. यातला बराचसा वैताग रबराला नक्की झालंय काय ते न बघता उपाय सुरू केल्यामुळे होतो. चिकट होणं, पांढरं पडणं, तडे जाणं आणि फुगून सैल होणं ही चार वेगळी दुखणी आहेत, एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर आहे तेही जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चिकटपणा म्हणजे मळ नाही. बहुतेक वेळा ते रबर किंवा रबरावरचा कोटिंगचा थर स्वतःच सुटत असतो. म्हणून पुसून थांबत नाही. तुम्ही मळ काढत नसता, थोडं थोडं रबरच काढत असता, आणि खालचा थर परत चिकट होतो.

आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि पुढे 1991 च्या दुरुस्तीनंतर शिकार जवळपास पूर्णच बंद झाली, त्यामुळे इथे दुर्बीण म्हटलं की पक्षीवाले, ट्रेकवाले, सफारीवाले. पण माल बघा ना, खास करून सेकंडहँड, कोणाच्या तरी काकांनी जर्मनीहून नाहीतर अमेरिकेहून आणलेला, तो बऱ्याचदा मुळात शिकाऱ्यांसाठी बनवलेला असतो. हिरवं जाड रबर आणि 8x56 असले आकडे, म्हणजे 8 पट मोठं दाखवणारी आणि पुढची लेन्स 56 मिलिमीटरची. 56 ला 8 ने भागलं की 7 येतात, म्हणजे डोळ्यापर्यंत येणारा उजेडाचा गोल 7 मिलिमीटरचा, तो संध्याकाळी अंधार पडता पडता मचाणावर बसणाऱ्या माणसासाठी. रबर कशासाठी, तर दुर्बीण बंदुकीवर किंवा लाकडावर आपटली तर टण्णकन आवाज होऊ नये आणि गोठलेल्या सकाळी धातू हाताला झोंबू नये. त्या थंड हवेत ही रबरं वर्षानुवर्षं मजेत राहतात. तीच दुर्बीण मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत चार पावसाळे बंद कपाटात राहिली की बघा काय होतं ते. (रायफल रेंजवर जाणाऱ्यांच्या स्कोपचं आयपीसवरचं (डोळा लावायच्या भागावरचं) रबर, रेंजफाइंडरची पकड, स्पॉटिंग स्कोप, या सगळ्यांना खालचं सगळं तसंच लागू आहे. कॅमेऱ्याच्या ग्रिपलासुद्धा.)

आधी नखाने बघा

उजेडात बसा, दोन्ही बाजूंना लेन्सकॅप लावा आणि रबराची अशी जागा शोधा जी सहज दिसत नाही, मधल्या बिजागरीजवळ आतल्या बाजूला किंवा पट्टा अडकवायच्या कडीखाली. तिथे अंगठ्याचं नख हलकेच दाबून थोडं ओढा.

नखाखाली काळा पातळ साका आला आणि खाली गुळगुळीत टणक प्लास्टिक दिसलं तर तुमच्या दुर्बिणीवर जाड रबर नाहीच, ते प्लास्टिकवर मारलेलं सॉफ्ट टच कोटिंग आहे. नख आत रुतलं, खूण राहिली आणि खाली रबरच रबर लागलं तर ते साच्यातून काढलेलं जाड आवरण आहे आणि तेच मऊ पडतंय. पांढरी भुकटी दिसत असेल तर ओल्या बोटाने पुसा, लगेच गायब झाली आणि वाळल्यावर परत आली तर ती वेगळी भानगड, खाली लिहिलंय. आयकपच्या (डोळ्याला टेकणाऱ्या रबरी कड्याच्या) घडीवर बारीक बारीक समांतर रेषा असतील तर ते तडे. आणि रबर बॉडीपासून उचललं गेलंय, दाबलं की आत हवा असल्यासारखं हलतंय तर एकतर गोंद सुटलाय किंवा रबर तेलाने फुगलंय.

एका दुर्बिणीवर दोन दोन गोष्टी एकदम असू शकतात, कारण बॉडीचं आवरण, आयकप, फोकस व्हीलवरची रिंग आणि टोप्या हे सगळं एकाच रबराचं असतंच असं नाही. त्यामुळे आयकपला जे चाललं ते बॉडीला चालेल असं धरू नका.

सॉफ्ट टच कोटिंग चिकट झालंय (हेच सगळ्यात जास्त दिसतं)

हात लावला की मखमली वाटतो तो थर म्हणजे बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा रंग. त्यातले एस्टरचे बंध हवेतल्या पाण्याने तुटतात, याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि उष्णता आणि दमटपणा दोन्ही मिळाले की ते जोरात होतं. बंध तुटले की थराचा परत चिकट लगदा होतो. म्हणजे वापरून वापरून झिजलं असं काही नाही, उलट कपाटात पडून राहिलेल्या, आठ वर्षांत चारदा वापरलेल्या दुर्बिणीचं हे जास्त होतं आणि मालक म्हणतो अहो मी तर जपून ठेवली होती.

हे परत पहिल्यासारखं करता येत नाही. तुटलेले बंध जोडणारं कुठलंही क्रीम, स्प्रे, पॉलिश बाजारात नाही, जे दाखवतात ते वरून एक थर चढवून चिकटपणा झाकतात आणि तो थर गेला की परत तेच. त्यामुळे सरळ काढून टाका. खरंच. काढल्यावर दुर्बीण दिसायला थोडी ओकीबोकी होते पण वापरायला एकदम मस्त.

काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मोबाइल रिपेअरवाले ज्याला आयपीए म्हणतात तेच, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे बाटली मिळते, ऑनलाइन तर मिळतंच. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात जेल आणि ग्लिसरीन असतं, ते मागे राहतं आणि तुम्ही विचार करत बसता की अजून चिकट का. अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल यातलं काहीही नाही. हलक्या दुर्बिणींची बॉडी बऱ्याचदा पॉलिकार्बोनेटची असते आणि अ‍ॅसिटोनने ती पांढरी पडते, तडकते, मग कोटिंग बाजूलाच राहिलं, दुर्बीणच गेली.

करायच्या आधी सगळ्या अक्षरांचे फोटो काढा, 8x42, फील्डचे अंश, सिरियल नंबर जे काय असेल ते, कारण ती छपाई कोटिंगवर असेल तर त्याच्याबरोबर पुसली जाणार. पुढे विकायची झाली किंवा सर्व्हिसला द्यायची झाली तर नंबर लागतो. मग टोप्या लावून कडेने मास्किंग टेप लावा, फोकस व्हीलच्या फटीवर आणि डायऑप्टर रिंगवर (दोन डोळ्यांतला फरक जुळवायची ती) पण लावा.

कपडा जुन्या सुती बनियनचा घ्या, मायक्रोफायबर नको, तो लगदा धरून ठेवतो आणि परत पसरवतो. आयपीए कपड्यावर घ्यायचं, दुर्बिणीवर ओतायचं नाही. कपडा ओला हवा, ठिबकणारा नको. काडेपेटीएवढा भाग घ्या, कपडा त्यावर जरा वेळ नुसता धरून ठेवा म्हणजे थर मऊ पडतो आणि मग एकाच दिशेने ओढून घ्या. पहिल्या ओढीला काळं डांबरासारखं येईल, दुसऱ्या ओढीला कपड्याची स्वच्छ बाजू. इथेच लोक चुकतात, तोच काळा झालेला कपडा गोल गोल फिरवत बसतात आणि मग सगळीकडे समान चिकट असं होऊन बसतं आणि म्हणतात आयपीएने काही होत नाही. होतं. कपडा बदला. एका दुर्बिणीला अख्खा बनियन लागतो असं धरून चला. खाचाखोचांत इअरबड, नाहीतर टूथपिकला कापूस गुंडाळून. खिडकी उघडी ठेवा, गॅस शेगडी शेजारी चालू नको, देवघरातली निरांजनसुद्धा नको, आयपीए पटकन पेटतं.

खूप जुना थर असेल तर काही लोक खायच्या सोड्याची पेस्ट वापरतात, काम होतं त्याने, पण तो बारीक कण बिजागरीत आणि फोकसच्या फटीत जाऊन बसतो आणि मग फोकस फिरवताना कचकच. मी तरी दुर्बिणीला सोडा लावणार नाही, टॉर्चला किंवा रिमोटला लावा खुशाल.

थर गेला की खाली टणक चकचकीत प्लास्टिक येतं आणि घामेजल्या हातातून सटकतं. यावर सगळ्यात भारी आणि फुकटातला उपाय म्हणजे सायकलची जुनी ट्यूब. ट्यूब बहुतेक ब्युटाइल रबराची असते, आणि ब्युटाइल हवा, ओझोन, दमटपणा यांपुढे नैसर्गिक रबरापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. दुर्बिणीच्या नळीच्या घेरापेक्षा थोडी अरुंद ट्यूब घ्या, हवा तेवढा तुकडा आडवा कापा, आतली पावडर भांड्याच्या लिक्विडने दोनतीनदा धुवा (नाहीतर पहिले काही दिवस हात काळे), वाळवा आणि आयकपच्या बाजूने नाहीतर पुढच्या बाजूने ताणून चढवा. गोंद लागत नाही. मधली बिजागरी जिथे आडवी येते तिथे पूर्ण ट्यूब चढत नाही, तिथे पट्टी गुंडाळायची. ट्यूब नको असेल तर स्वतःलाच चिकटणारा कापडी कॅमो टेप येतो, तो पण चांगला, फक्त पावसात भिजला की काढून वाळवायचा, ओला ठेवला तर वास मारतो.

जाड रबर मऊ पडून चिकट झालंय

इथे आयपीएने फारसं साधत नाही. वरचा चिकट थर निघतो, दोन महिने बरे जातात, मग आतलं रबर परत वर येतं. नैसर्गिक रबर उष्णता आणि ऑक्सिजनने म्हातारं होतं तेव्हा त्याच्या साखळ्या तुटतात आणि ते मऊ, चिकट होतं, नायट्राइलसारखी काही कृत्रिम रबरं उलट कडक होत जातात. म्हणून एकाच दुर्बिणीची बॉडी चिकट आणि आयकप लाकडासारखा असं दृश्य दिसतं. रबरात तांबं किंवा मँगनीज उतरलं तर नैसर्गिक रबर अजून लवकर सडतं, रबराच्या धंद्यात या दोघांना रबराचं विषच म्हणतात. जुन्या पितळी बकलाच्या पट्ट्याची कडी जिथे सारखी टेकते तिथेच हिरवट काळा चिकट डाग दिसला तर त्या बकलाकडे एकदा बघा.

पण माझ्या मते इथे खरा गुन्हेगार बऱ्याचदा दुर्बीण ठेवायची केस असते. जुनी रेक्झिनची कडक केस, आत लाल नाहीतर निळी फर, ती आपण इतकी जपतो. रेक्झिन म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसी, आणि पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो. तो वर्षानुवर्षं बाहेर येत राहतो आणि जे टेकलेलं असेल त्यात उतरतो. केसच्या झाकणाच्या आत हात फिरवून बघा, तिथे तेलकट लागलं तर दुर्बीण कितीही वेळा स्वच्छ करा, परत त्याच केसमध्ये ठेवलीत की परत चिकट. पारदर्शक जाड प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशव्या, साड्या येतात तसल्या, त्यासुद्धा बऱ्याचदा पीव्हीसीच्याच असतात. केस आठवण म्हणून ठेवायची तर वेगळी ठेवा. दुर्बीण सुती पिशवीत.

मग या रबराचं करायचं काय? कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश. दुर्बीण वॉटरप्रूफ असेल, म्हणजे आत नायट्रोजन भरलेली सीलबंद असेल, तर नळाच्या बारीक धारेखाली चालतं. जुनी पोरो टाइप असेल, म्हणजे ती खांदे बाहेर आलेली, फोकस फिरवला की आयपीसचा अख्खा पूल मागेपुढे होतो ती, तर पाणी अजिबात ओतायचं नाही, पिळलेल्या कपड्यानेच. मग सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. उन्हात नको, गच्चीवर पापडाशेजारी तर नकोच नको. वाळल्यावर अजून चिकट असेल तर एकदा आयपीएचा हलका हात, भिजवायचं नाही, आणि त्यावर पाण्यात बनवलेलं रबर प्रोटेक्टंट अगदी पातळ लावून कोरड्या कपड्याने पुसून काढा. 303 नावाचं एक मिळतं, बोटवाले आणि गाडीवाले वापरतात, ते चालतं. लावून चमक आली तर जास्त झालं असं समजा.

एवढं करून महिनाभरात परत लगदा येत असेल तर ते आवरण संपलं. महागातल्या काही कंपन्या सर्व्हिसमध्ये आवरण बदलून देतात, दुर्बीण त्या लायकीची असेल तर विचारा. बाहेर देशात पाठवायची झाली तर पाठवतानाच दुरुस्तीसाठी पाठवतोय असे कागद करून घ्या, सिरियल नंबरासकट, नाहीतर परत येताना नवीन माल म्हणून ड्युटीवरून कटकट. स्वस्तातली असेल तर आवरण ब्लेडने सोलून काढायचं, खालचा जुना गोंद आयपीएने साफ करायचा आणि वर परत तीच ट्यूब.

पांढरं पडलंय

यात दोन प्रकार आणि लोक दोन्हीला बुरशीच म्हणतात.

पहिला प्रकार म्हणजे ब्लूम. रबर बनवताना त्यात मेण आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात, ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि पांढरट करडी झाक दिसते. ओल्या बोटाने जाते, वाळली की परत दिसते. हेअर ड्रायर मंद करून लांबून जरा गरम करा, झाक विरून रबर काळं झालं तर ब्लूमच. हे रबराचं कवच आहे हो, तेच त्याला वाचवतंय, आणि तुम्ही दर रविवारी ते घासून काढताय. पट्ट्याच्या कडीपाशी, बोटांच्या जागी खूपच खटकत असेल तर साबणाच्या पाण्याने एकदा धुवा आणि सोडून द्या. परत येणारच. मला विचाराल तर ब्लूमवर काहीही करू नका.

दुसरा प्रकार खरी बुरशी. ती सगळीकडे समान नसते, ठिपके ठिपके, गोल गोल, जवळून बघितलं तर लव असल्यासारखी आणि कुबट वास. हाताचा घाम, कातडीचं तेल, खाऊचे कण यावर ती वाढते. दुर्बीण बाल्कनीत नेऊन कोरड्या ब्रशने नाही, ओल्या कपड्याने पुसा, कोरडा ब्रश मारला की बीजाणू सगळीकडे उडतात, आणि लेन्सवर बसले तर तिथेही बुरशी धरते. मग आयपीएच्या कपड्याने एक हात. आणि त्याच वेळी टॉर्च मोठ्या लेन्समधून आत मारून दुसऱ्या बाजूने तिरकं बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर रबराचा विषय सोडा, आधी दुर्बीण उघडून साफ करणाऱ्याकडे न्या.

आयकपला तडे

घडी घालायचे रबरी आयकप असतात ना, चष्मेवाले खाली दुमडतात ते, त्यांना हे होतं. हवेतला ओझोन ताणलेल्या रबरावर हल्ला करतो आणि ताणाच्या आडव्या दिशेने तडे पाडतो. ताणलेलं नसेल तर तोच ओझोन फारसं काही करत नाही. आता आयकप दुमडून वर्षभर कपाटात ठेवला म्हणजे त्या घडीवर वर्षभर ताण. उपाय एका ओळीचा, ठेवताना आयकप उघडून सरळ ठेवा. चष्मा असला तरी. बाहेर गेल्यावर दुमडा.

गेलेला तडा भरत नाही. वरून काहीही लावा, दुमडल्यावर परत उघडतो. नवीन आयकप घ्या, व्हर्नियर कॅलिपरने आयपीसचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्यापेक्षा जरा कमी आतल्या व्यासाचा घ्या म्हणजे घट्ट बसतो. टेलिस्कोप आणि मायक्रोस्कोपचं सामान विकणाऱ्यांकडे जेनेरिक आयकप मिळतात, तुमच्याच कंपनीचा हवा असा हट्ट नको. उंची मात्र बघा, जुन्यापेक्षा उंच झाला तर चष्म्यातून बघताना कडा काळ्या दिसतील. पिळून वरखाली होणारे आयकप असतील तर तिथे रबर फक्त वरच्या कड्यावर असतं, ते सोलून नवीन चढवायच्या आधी आयकप अख्खा पिळून निघतो का बघा, जोर लावून उपटू नका.

फुगलंय, सैल झालंय, उचललं गेलंय

इथे मला चिडचिड होते कारण हे बहुतेक आपण स्वतः करतो. खोबरेल, व्हॅसलीन, इंजिन ऑइल, गंज काढायचा तो स्प्रे, डॅशबोर्ड चमकवायचं तेलकट पॉलिश. लावल्या दिवशी रबर काळं कुळकुळीत, एकदम नवीन. पण तेल नैसर्गिक रबरात मुरतं आणि ते फुगतं, फुगलं की बॉडीपेक्षा मोठं होतं, मग गोंद सोडून उचललं जातं. खोबरेल तर वर धूळ धरतं आणि खवट होतं ते वेगळंच. ग्लिसरीन रबर फुगवत नाही पण हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे नागपूरच्या एप्रिलमध्ये एकवेळ चालेल, कोकणात जुलैमध्ये बोटं कायम ओलसर.

डासांचं क्रीम हा वेगळा अध्याय. बऱ्याच परदेशी स्प्रेमध्ये डीट नावाचं डास पळवणारं रसायन असतं आणि डीट काही प्लास्टिक, रेयॉन आणि रबरी कोटिंग चक्क विरघळवतं, चष्म्याच्या फ्रेमवर, घड्याळाच्या प्लास्टिकच्या काचेवर बोटांचे ठसे उमटलेले बघितलेत ना, तेच. आपल्या ओडोमॉस क्रीममध्ये डीट नाही, डायइथाइल बेंझामाइड असतं, पण ते त्याच्याच भाऊबंदांपैकी, त्यामुळे सावधगिरी तीच. दांडेली, आंबोली, बोंडला कुठेही जा, क्रीम मनगटाच्या मागच्या बाजूने चोळा, तळवे कोरडे ठेवा आणि लागलंच तर धुऊन मग दुर्बीण धरा. इकारिडिनवालं मिळालं तर ते घ्या, ते प्लास्टिकला त्रास देत नाही. सनस्क्रीनचंही तेच, तळव्याचं तेल रोज रोज रबरात जातं.

फुगलेलं असेल तर साबणाने तेल जेवढं निघेल तेवढं काढा, टिश्यूने टिपा आणि महिनाभर हवेशीर जागी नुसतं सोडा. पातळ, उडून जाणारं काही लागलं असेल, पेट्रोल वगैरे, तर रबर बऱ्यापैकी परत आकसतं. घट्ट तेलाने फुगलेलं क्वचितच परत येतं.

नुसता गोंद सुटला असेल आणि रबर ठीक असेल तर काम सोपं. फेवीबाँड नाहीतर कुठलाही रबर बेस्ड काँटॅक्ट गोंद, दोन्ही बाजूंना पातळ थर, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मग दाबा, घाईत ओला असताना चिकटवलं की आतला सॉल्व्हंट अडकून रबर परत फुगतं. फेवीक्विक मात्र दुर्बिणीच्या जवळसुद्धा आणू नका. त्याची वाफ जवळच्या काचेवर पांढरी झाक होऊन बसते, अगदी ठसेतज्ज्ञ बोटांचे ठसे उठवायला वापरतात तीच वाफ, आणि सुकलेलं फेवीक्विक कडक असतं, वाकणाऱ्या रबराखाली ते तडकतंच.

टाल्कम पावडर चिकटपणावर मारतात, रानात अडचण झाली तर एखाद्या दिवसापुरतं ठीक, पण ती बारीक भुकटी फोकसच्या खोबणीत जाते आणि लेन्स पुसताना घासली जाते. घरी आल्यावर ओल्या कपड्याने काढून टाका.

ठेवायचं कसं, म्हणजे परत होणार नाही

परत होणार नाही असं तर नाहीच, पण वेग खूप कमी करता येतो. दमटपणा 40 ते 50 टक्क्यांत राहील असा हवाबंद स्टीलचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, किचनमधला डाळीचा चालतो, त्यात सिलिका जेल आणि दमटपणा मोजायचा छोटा हायग्रोमीटर. निळं जेल गुलाबी झालं किंवा केशरी हिरवं झालं की कढईत मंद आचेवर परत कोरडं करा, ती कढई स्वयंपाकाला परत वापरू नका, खास करून निळं जेल असेल तर, त्यात कोबाल्ट असतं. ड्राय कॅबिनेट घेतलं असेल तर उत्तम, फक्त आकडा 30 च्या खाली ओढत नेऊ नका, काचेला जास्त कोरडं म्हणजे जास्त चांगलं असं नसतं आणि रबराला तर नाहीच. सिलिका जेलऐवजी तांदूळ घालू नका, त्याची धूळ होते.

डांबरगोळ्या त्याच कपाटात नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते. इन्व्हर्टरच्या, मोटारीच्या शेजारी नको, ठिणगी पडणाऱ्या मोटारी ओझोन करतात. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको, मे महिन्यात बंद गाडीच्या आत 60 अंशांच्या वर जातं आणि त्या उष्णतेत रबर कपाटातल्यापेक्षा कितीतरी लवकर खराब होतं.

आणि वापरा हो. ट्रिपवरून आल्यावर ओल्या कपड्याने पुसून, रात्रभर पंख्याखाली ठेवून मग डब्यात.

सेकंडहँड घेणार असाल तर लेन्सचे फोटो सगळेच पाठवतात, तुम्ही विकणाऱ्याला बिजागरीच्या आतल्या बाजूचा आणि केसच्या झाकणाच्या आतला फोटो मागा आणि नख ओढून बघायला सांगा. केस आतून तेलकट असेल तर बॉडी आज कोरडी दिसत असली तरी भाव पाडून मागा. रबर नुकतंच चकचकीत काळं केलेलं दिसलं तर वास घेऊन बघा, पॉलिश मारलेलं लगेच कळतं. सॉफ्ट टच सोलून काढलेली, ट्यूब चढवलेली कुरूप दुर्बीण आतून स्वच्छ असेल आणि दोन्ही डोळ्यांचं चित्र एकावर एक नीट बसत असेल तर मी ती बिनधास्त घेईन, तिच्या रबराचं जे वाईट व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.